नव्वद दिवसांची औषधे
परदेशी गेलेल्या नव्या जोडीदाराच्या गोळ्या, विमा आणि कायदा

लग्न होऊन अमेरिकेला निघालेल्या मुलीच्या बॅगेची यादी कोणत्याही मराठी घरात महिनाभर आधी सुरू होते. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, कुकरच्या शिट्ट्या, सोलकढीसाठी आमसुले. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा वजनकाट्यावर चार वेळा चढतात आणि उतरतात. औषधांचा विषय निघतो तो बहुधा शेवटच्या दोन दिवसांत. "थायरॉइडच्या गोळ्या घेतल्यास ना? सहा महिन्यांच्या घे, पुढचे पुढे बघू," असे कोणीतरी म्हणते आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पट्ट्यांचा गठ्ठा येतो.

या लेखाचा विषय हे 'पुढचे पुढे' आहे. रोज घ्यावे लागणारे औषध परदेशी पोहोचल्यावर पुन्हा कसे मिळवायचे, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. गोळी तीच असते, अनेकदा ती बनलेलीही भारतातच असते. बदलते ती तिच्यापर्यंत जाण्याची वाट. त्या वाटेवर विमा, डॉक्टर आणि फार्मसी अशी तीन दारे आहेत आणि पहिले दार तरी नव्याने आलेल्या जोडीदाराला बहुतेक वेळा स्वतःच्या नावाने उघडता येत नाही. थायरॉइड, मधुमेह, दमा, अपस्मार, रक्तदाब, नैराश्य यांपैकी काही असलेल्या व्यक्तीला ही वाट आधीच ठाऊक असणे गरजेचे आहे. उदाहरण अमेरिकेचे घेतले आहे, कारण तेथील व्यवस्था सर्वांत गुंतागुंतीची आहे आणि एच-४ सारख्या अवलंबितांच्या व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर मराठी मुली, आणि आता मुलगेही, तेथे सतत जात असतात.

दोन देश, दोन सवयी

कायदा आपल्याकडेही आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आणि त्याखालचे नियम १९४५ चे. त्या नियमांतील परिशिष्ट 'एच'मधील औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. २०१४ च्या मार्चपासून 'एच-१' हे आणखी कडक परिशिष्ट लागू झाले आणि त्यातील औषधांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवणे दुकानदाराला बंधनकारक झाले. प्रत्यक्षात मात्र रिकामी पट्टी दाखवली की नवी पट्टी मिळते, हा बहुतेकांचा अनुभव आहे. मेडिकलवाला ओळखीचा असतो, तीन वर्षांपूर्वीची चिठ्ठी चालते आणि गोळ्या घरपोच येतात.

अमेरिकेत १९५१ साली ड्युरम-हम्फ्री दुरुस्ती झाली आणि चिठ्ठीने मिळणारी व चिठ्ठीविना मिळणारी औषधे अशी स्पष्ट विभागणी झाली. तिचे एक प्रणेते ह्यूबर्ट हम्फ्री स्वतः फार्मासिस्ट होते आणि पुढे उपराष्ट्राध्यक्ष झाले. ती विभागणी तेथे काटेकोरपणे पाळली जाते. चिठ्ठी लिहिणारी व्यक्ती तेथील परवानाधारक असावी लागते. ती डॉक्टरच असेल असे नाही. नर्स प्रॅक्टिशनर किंवा फिजिशियन असिस्टंट यांनाही राज्याच्या नियमांनुसार औषध लिहून देता येते. पुण्यातल्या नामांकित तज्ज्ञाची चिठ्ठी मात्र तेथील फार्मसीत चालत नाही. फार्मासिस्टने ओळखीखातर एक पट्टी द्यावी असेही घडत नाही, कारण त्याचा परवाना पणाला लागतो.

भारतीय चिठ्ठी निरुपयोगी ठरते असा याचा अर्थ नाही. तिचे काम बदलते. आपल्याकडे ती औषध मिळवण्याचा परवाना असते, तिकडे ती आजाराच्या इतिहासाचा पुरावा होते.

बॅगेत किती, कशी आणि कोणाची

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा, म्हणजे एफडीएचा, प्रवाशांसाठीचा सर्वसाधारण मापदंड नव्वद दिवसांचा आहे. स्वतःच्या वापरापुरती, तीन महिन्यांना पुरतील इतकी औषधे सोबत असावीत. ती मूळ वेष्टनात असावीत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी किंवा इंग्रजी पत्र असावे. पट्ट्या कापून, डब्यांत भरून, वर स्केचपेनने 'सकाळ' आणि 'रात्र' लिहिण्याची आपली पद्धत घरात सोयीची असली तरी विमानतळावर अडचणीची ठरते. पट्टीवरचे नाव, मात्रा आणि मुदत वाचता आली पाहिजे. औषधे हातातल्या बॅगेत ठेवावीत. चेक-इन केलेली बॅग दोन दिवस उशिरा आली तर मेतकुटावाचून अडत नाही, इन्सुलिनवाचून अडते. शिवाय विमानाच्या सामानकक्षात इन्सुलिन गोठण्याचा धोका असतो.

तीन गोष्टी इथे वेगळ्या सांगायला हव्यात.

पहिली, नियंत्रित औषधे. १९७० च्या नियंत्रित पदार्थ कायद्यानुसार काही औषधांवर अमेरिकेत विशेष बंधने आहेत. झोपेसाठी किंवा चिंतेसाठी दिली जाणारी अल्प्राझोलाम व क्लोनाझेपाम, वेदनाशामक ट्रॅमाडॉल, एकाग्रतेच्या विकारासाठीचे मिथाइलफेनिडेट ही त्यांपैकी आपल्याकडे बऱ्यापैकी वापरात असलेली नावे. ही सोबत नेताना डॉक्टरांचे पत्र हवेच, प्रमाण कमीत कमी हवे आणि विचारल्यास ती दाखवण्याची तयारी हवी. तिकडे पोहोचल्यावर नवा डॉक्टर ती पहिल्याच भेटीत लिहून देईल असे गृहीत धरू नये. म्हणून त्यांचा पर्याय आहे का, मात्रा हळूहळू कमी करता येईल का, हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

दुसरी, तेथे मान्यताच नसलेली औषधे. निमेसुलाइड अमेरिकेत कधीच मान्य झाले नाही. पित्ताच्या त्रासासाठी आपल्याकडे सर्रास घेतल्या जाणाऱ्या 'पॅन-डी'सारख्या गोळ्यांतले डोमपेरिडोन तेथे मान्य नाही. मधुमेहावरची ग्लिक्लाझाइड आणि विल्डाग्लिप्टिन, अर्धशिशीवरचे फ्लुनॅरिझिन हीही तेथील फार्मसीत मिळत नाहीत. अशा औषधावर असलेल्या रुग्णाचे औषध बदलणे अटळ आहे. तो बदल ओळखीच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली निघण्याच्या दोन-तीन महिने आधी झाला, तर त्याचा परिणाम पाहायला वेळ मिळतो.

तिसरी, दुसऱ्याची औषधे. "भारतातून कोणी येतंय का?" हा प्रश्न परदेशातल्या प्रत्येक महाराष्ट्र मंडळाच्या गटात विचारला जातो आणि पुढचे वाक्य बहुधा गोळ्यांबद्दलच असते. सवलत आहे ती प्रवाशाच्या स्वतःच्या औषधांना. शेजाऱ्यांच्या भाचीच्या गोळ्या आपल्या बॅगेत नेणे त्या सवलतीत बसत नाही. कुरियरचेही तसेच. तीन महिन्यांहून अधिक राहणाऱ्या परदेशी नागरिकाने औषध मागवले, तर पाकिटासोबत व्हिसा व पासपोर्टच्या प्रती, डॉक्टरांचे पत्र आणि चिठ्ठी असावी असे एफडीए सांगते. तरीही ते पाकीट तपासणीत अडकू शकते. म्हणून कुरियर ही शेवटची तजवीज समजावी.

पहिले दार: विमा, आणि तोही नवऱ्याच्या नावाने

अमेरिकेत औषधाची किंमत आणि विमा यांना वेगळे करता येत नाही. नोकरी करणाऱ्या बहुतेकांचा विमा नोकरीतून येतो आणि जोडीदाराचे नाव त्यात घालावे लागते. ते कधी घालायचे, यावर सारे अवलंबून असते.

१९९६ च्या हिपा कायद्यानुसार, लग्न झाल्यावर कर्मचाऱ्याला आपल्या जोडीदाराचे नाव विम्यात घालण्यासाठी किमान तीस दिवसांची विशेष मुदत मिळते. ही मुदत लग्नाच्या तारखेपासून मोजली जाते. आपल्याकडचा नेहमीचा क्रम आठवून पाहा. डिसेंबरमध्ये पुण्यात लग्न, जानेवारीत नवरा परत, व्हिसाची मुलाखत एप्रिलमध्ये आणि बायको पोहोचते जूनमध्ये. तोवर तीस दिवस केव्हाच उलटून गेलेले असतात. अमेरिकेत येऊन दाखल होणे ही नवी संधी मानायची की नाही, हे त्या त्या कंपनीच्या योजनेच्या नियमांवर ठरते. काही योजना मानतात, काही मानत नाहीत. म्हणून लग्न झाल्याबरोबर, बायको अजून भारतात असली तरी, कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला लेखी विचारावे: नाव आत्ता घालता येते का, आणि आता न घातल्यास ती आल्यावर घालता येईल का. हे एक पत्र पुढचे कित्येक महिने वाचवू शकते.

ही संधी हुकली, तर वार्षिक नोंदणीची वाट पाहावी लागते. बहुतेक कंपन्यांत ती शरद ऋतूत, म्हणजे साधारण आपल्या दिवाळीच्या आगेमागे असते आणि विमा लागू होतो तो जानेवारीपासून. दुसरा मार्ग सरकारी विमा-बाजाराचा. परदेशातून अमेरिकेत राहायला आलेल्या आणि कायदेशीर वास्तव्य असलेल्या व्यक्तीला तेथे आगमनानंतर साठ दिवसांच्या आत योजना घेता येते. हप्त्यातील सवलतीचे नियम स्थलांतरितांसाठी अलीकडे बदलत आहेत, ते त्या त्या वर्षी तपासून घ्यावेत. गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेचे दार मात्र नव्याने आलेल्यांना बहुतांशी बंदच असते. ग्रीन कार्ड असलेल्यांनाही सर्वसाधारणपणे पाच वर्षे थांबावे लागते.

प्रवासी विमा हा पर्याय नाही, हे ठळकपणे सांगायला हवे. भारतातून निघताना घेतलेल्या प्रवासी विम्यात आधीपासून असलेले आजार बहुधा वगळलेले असतात. पाय मोडला तर तो कामाला येईल, रोजच्या थायरॉइडच्या गोळीला नाही. उलट नोकरीतल्या किंवा विमा-बाजारातल्या योजनेला २०१४ पासून जुन्या आजाराच्या कारणाने कोणाला नाकारता येत नाही किंवा त्या आजाराचा खर्च वगळता येत नाही. त्यामुळे आपला आजार लपवण्याचे विम्यापुरते तरी काही कारण नाही.

आणखी एक गैरसमज सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा. काम करण्याची परवानगी नसलेल्या एच-४ धारकाला हा क्रमांक सहसा मिळत नाही. अर्जात त्यासाठी रकाना असतो, म्हणून अनेक जोडपी क्रमांकाची वाट पाहत बसतात. विम्यात नाव घालणे, डॉक्टरांना भेटणे किंवा औषध घेणे यांपैकी कशासाठीही तो क्रमांक अनिवार्य नाही. रकाना रिकामा ठेवून 'अद्याप नाही' असे सांगता येते.

दुसरे दार: डॉक्टर

विम्याचे कार्ड आले की डॉक्टर शोधायचा तो त्या योजनेच्या यादीतला. यादीबाहेरचा डॉक्टर कित्येक पट महाग पडतो. नव्या रुग्णाला कौटुंबिक डॉक्टरची पहिली भेट मिळायला काही आठवडे सहज जातात आणि तज्ज्ञाकडे त्याहून अधिक. नव्वद दिवसांच्या औषधांचा हिशेब इथे लागतो. आगमनाच्या पहिल्या आठवड्यात भेट ठरवली, तर साठा संपायच्या आत चिठ्ठी हातात पडते. घर लावून झाल्यावर बघू म्हटले, तर शेवटची पट्टी उघडेपर्यंत भेट झालेली नसते.

अशा वेळी तीन आडवाटा आहेत. अर्जंट केअर दवाखान्यात वेळ न ठरवता जाता येते आणि साध्या औषधाची महिन्याभराची चिठ्ठी तेथे मिळू शकते. थायरॉइड किंवा रक्तदाबासारख्या नेहमीच्या औषधांसाठी दूरध्वनी वा व्हिडिओवरून सल्ला देणारे डॉक्टर असतात. मात्र ते रुग्ण ज्या राज्यात आहे तेथील परवानाधारक असावे लागतात, त्यामुळे भारतातल्या डॉक्टरांचा व्हिडिओ सल्ला इथे चालत नाही. तिसरी वाट सामुदायिक आरोग्य केंद्रांची. १९६५ साली सुरू झालेल्या या चळवळीतून उभी राहिलेली, संघराज्याचे अनुदान मिळणारी केंद्रे आज देशभर आहेत. पैसे देता येत नाहीत म्हणून ती कोणालाही परत पाठवत नाहीत आणि कमी उत्पन्न असलेल्यांना उत्पन्नानुसार शुल्क लावतात. विमा नसलेल्या काळात हा सर्वांत भरवशाचा आसरा आहे आणि आपल्या लोकांना त्याची माहिती सर्वांत कमी आहे.

पहिल्या भेटीला काय न्यावे? भारतातल्या डॉक्टरांचे एका पानाचे टंकलिखित पत्र. त्यात आजाराचे नाव, तो केव्हापासून, प्रत्येक औषधाचे मूळ रासायनिक नाव, मात्रा, दिवसातून किती वेळा, पूर्वी कोणती औषधे देऊन बदलली आणि का, ॲलर्जी, आणि गेल्या सहा महिन्यांतले रक्ताचे अहवाल. चिठ्ठीवर मूळ नाव सुवाच्य लिहावे, असे भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली नियमात दुरुस्ती करून सांगितलेले आहे, तेव्हा असे पत्र मागण्यात काही वावगे नाही. तारखा अंकांत न लिहिता महिन्याचे नाव अक्षरांत लिहावे. अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस लिहितात. आपली पाच ऑगस्ट तिकडे आठ मे होते.

ग्रीन कार्डासाठी मुंबईत नेमलेल्या डॉक्टरांकडून होणारी वैद्यकीय तपासणी म्हणजे अमेरिकेतला उपचार सुरू होणे, असाही समज आढळतो. ती तपासणी व्हिसासाठी असते. तिच्यातून औषध मिळत नाही.

तिसरे दार: फार्मसी

"कोणत्या फार्मसीत पाठवू?" हा डॉक्टरांचा प्रश्न नवख्या माणसाला गोंधळात टाकतो, कारण हातात कागद मिळेल अशी त्याची अपेक्षा असते. चिठ्ठी आता बहुधा संगणकावरून थेट दुकानात जाते. न्यू यॉर्क राज्यात २०१६ पासून आणि कॅलिफोर्नियात २०२२ पासून मोजके अपवाद वगळता तसा नियमच आहे. म्हणून घराजवळच्या, विम्याच्या यादीतल्या फार्मसीचे नाव व पत्ता आधीच टिपून ठेवावा.

औषध मिळते ते पट्टीत नव्हे. गोळ्या मोजून नारिंगी बाटलीत भरतात आणि वर रुग्णाचे नाव, मात्रा, सूचना व 'रिफिल'ची संख्या छापतात. तीन रिफिल लिहिली असतील तर पहिल्या वेळेनंतर आणखी तीनदा डॉक्टरांकडे न जाता औषध मिळते. नेहमीच्या औषधांची चिठ्ठी बहुतेक राज्यांत वर्षभर चालते. मिथाइलफेनिडेटसारख्या दुसऱ्या परिशिष्टातल्या औषधाला रिफिल अजिबात नसते, तर अल्प्राझोलामच्या वर्गातल्या औषधांना सहा महिन्यांत जास्तीत जास्त पाच.

नावांचा गोंधळ वेगळाच. आपले पॅरासिटामॉल तिकडे ॲसिटामिनोफेन आहे. दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल होते. 'थायरोनॉर्म' किंवा 'एल्ट्रॉक्सिन' हे नाव कोणाला कळणार नाही, लेव्होथायरॉक्सिन म्हटले की लगेच कळेल. थायरॉइडच्या गोळीचा उत्पादक बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासून घेणे शहाणपणाचे. आपल्याकडच्या जोडगोळ्याही सगळ्या तिकडे मिळत नाहीत. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी भारतात घरोघरी आहे, अमेरिकेत ही दोन औषधे वेगवेगळ्या गोळ्यांत घ्यावी लागतात. एकाच्या दोन गोळ्या झाल्या म्हणजे आजार वाढला, असे समजून घाबरू नये.

इन्सुलिनच्या बाबतीत मात्र चूक जिवावर बेतू शकते. भारतात कुपीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट या तीव्रतेचे असते आणि त्याच्या सिरिंजवर तशाच खुणा असतात. अमेरिकेत कुपी १०० युनिटची असते. भारतातली सिरिंज सोबत नेली आणि तिकडच्या कुपीतून तिच्यावरच्या २० च्या खुणेपर्यंत इन्सुलिन ओढले, तर वीसऐवजी पन्नास युनिट शरीरात जातील. उलट भारतातल्या कुपीतून तिकडच्या सिरिंजने २० ची खूण गाठली, तर जेमतेम आठ. कुपी आणि सिरिंज नेहमी एकाच देशाच्या असाव्यात. पेनमधले इन्सुलिन भारतातही १०० युनिटचेच असते, त्यामुळे जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून पेनवर येणे हा सुरक्षित उपाय.

आता किंमत. प्रत्येक विमा योजनेची औषधांची यादी असते आणि तिच्यात पायऱ्या असतात. खालच्या पायरीवर स्वस्त जेनेरिक औषधे, वर महागडी ब्रँडेड. काही औषधांना विमा कंपनीची पूर्वपरवानगी लागते आणि तिला काही दिवस लागतात. डॉक्टरांना "हे माझ्या योजनेच्या यादीत आहे का? नसेल तर त्याच वर्गातले दुसरे चालेल का?" असे विचारण्यात संकोच करू नये. तेथे हा प्रश्न रोजचा आहे.

विमा नसला तरी प्रत्येक औषध आवाक्याबाहेरचे नसते. १९८४ च्या हॅच-वॅक्समन कायद्याने जेनेरिक औषधांचा मार्ग मोकळा केला आणि आज अमेरिकेत दिल्या जाणाऱ्या दर दहा औषधांपैकी नऊ जेनेरिक असतात. वॉलमार्टने २००६ साली निवडक जेनेरिक औषधे महिन्याला चार डॉलरला द्यायला सुरुवात केली. कॉस्टकोच्या फार्मसीतून चिठ्ठीचे औषध घ्यायला सभासदत्व लागत नाही. गुडआरएक्ससारख्या सवलत-कूपनांमुळे एकाच औषधाची दोन दुकानांतली किंमत कित्येक पटींनी वेगळी निघते. २०२३ साली मोठ्या इन्सुलिन कंपन्यांनी महिन्याला ३५ डॉलरच्या मर्यादेच्या योजना वाढवल्या आणि त्यांतल्या काही विमा नसलेल्यांनाही लागू आहेत. गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत अमेरिकेसाठी गोळ्या बनवणारे कारखाने आहेत. मडगावहून गेलेल्या मुलीच्या नारिंगी बाटलीत वेर्ण्याची गोळी असणे अगदी शक्य आहे. फक्त ती तिच्या हातात पडते एक विमा, एक डॉक्टर आणि एक फार्मासिस्ट यांच्या सह्यांनंतर.

न सांगितलेली गोळी

आतापर्यंतच्या विवेचनात एक गृहीत होते: घरातल्या सगळ्यांना औषधाची माहिती आहे. प्रत्यक्षात तसे नेहमी नसते. अपस्माराची, नैराश्याची, कधी थायरॉइडचीही गोळी स्थळ पाहताना सांगितली जात नाही. "लग्नानंतर सांगू" असे माहेरचे म्हणतात आणि मुलगी सहा महिन्यांच्या गोळ्या साडीच्या घडीत ठेवून निघते. भारतात हे लपवणे काही काळ निभते, कारण औषध स्वतः जाऊन रोखीने आणता येते. अमेरिकेत विमा नवऱ्याच्या नावाने, गाडी नवऱ्याकडे, बँकेचे कार्ड त्याचे. गोळ्या संपत आल्या की सांगणे किंवा औषध बंद करणे एवढेच दोन पर्याय उरल्यासारखे वाटतात. त्यांतला दुसरा घातक आहे. अपस्माराची औषधे अचानक थांबवली तर झटके परत येतात, नैराश्याची औषधे एकदम सोडल्यास शरीर आणि मन दोन्ही ढासळतात, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते.

वैद्यकीय माहितीबाबत कायदा इथे तिच्या बाजूने आहे. ज्या हिपा कायद्याने विम्याची तीस दिवसांची मुदत दिली, त्याच कायद्याखालच्या नियमांनी रुग्णाच्या माहितीची गोपनीयताही राखली. सज्ञान पत्नीची माहिती तिची असते. तिने मनाई केली असेल तर डॉक्टर ती नवऱ्याला सांगत नाहीत. एक फट मात्र राहते. विमा कंपनीचे खर्चाचे विवरणपत्र बहुधा मुख्य विमाधारकाच्या, म्हणजे नवऱ्याच्या पत्त्यावर जाते. माहिती उघड झाल्याने धोका संभवत असेल, तर ते दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याची मागणी विमा कंपनीकडे करता येते.

भाषेचेही तसेच. इंग्रजीत आजार सांगता येत नसेल तर नवरा किंवा सासू दुभाषी होतात आणि जे त्यांच्यासमोर बोलायचे नसते ते राहूनच जाते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापासून चालत आलेल्या नियमांनुसार, सरकारी निधी घेणाऱ्या दवाखान्याने व रुग्णालयाने विनामूल्य दुभाषी द्यावा लागतो. तो बहुधा फोनवर असतो आणि मराठीतही मिळू शकतो. भेट ठरवतानाच "मराठी दुभाषी हवा" असे सांगावे.

औषध अडवून ठेवणे, विम्यात नाव न घालणे, डॉक्टरांकडे जाऊ न देणे ही छळाची रूपे आहेत आणि त्यांना तसेच म्हटले पाहिजे. न्यू जर्सीतली 'मानवी' ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी हेच काम करते आहे. बाहेर मदत आहे, एवढे तरी निघणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असावे.

नोकरी गेली तर

जोडीदाराचा विमा नवऱ्याच्या नोकरीला आणि वास्तव्य त्याच्या व्हिसाला बांधलेले असते. एच-१बी धारकाची नोकरी गेल्यास त्याला आणि त्याच्या कुटुंबाला साधारण साठ दिवसांची सवलत मिळते. विमा मात्र कधी त्याच दिवशी, कधी महिनाअखेरीस संपतो. १९८५ च्या कोब्रा कायद्याने वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीचा विमा स्वखर्चाने अठरा महिने चालू ठेवता येतो. निर्णयाला साठ दिवस मिळतात, पण हप्ता पूर्ण रकमेच्या १०२ टक्क्यांपर्यंत असू शकतो. घटस्फोट झाल्यास पत्नीला हीच सोय छत्तीस महिन्यांपर्यंत मिळते. नोकरी डळमळीत वाटू लागताच पुढच्या तीन महिन्यांची रिफिल भरून घेणे, ही तेथल्या जुन्या मंडळींची रीत आहे आणि ती अगदी योग्य आहे.

दुसऱ्या देशात कसे?

ब्रिटनशी तुलना केली की ही गुंतागुंत कशातून येते ते दिसते. तेथे जोडीदाराच्या व्हिसासोबतच आरोग्य अधिभार भरावा लागतो. २०१५ साली सुरू झालेला हा अधिभार फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला वर्षाला १,०३५ पौंड इतका आहे. रक्कम मोठी आहे, पण ती भरल्यावर आगमनानंतर परिसरातल्या जीपीकडे नाव नोंदवायचे आणि औषध घ्यायचे. नवऱ्याच्या नोकरीचा त्यात संबंध नाही. स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंडमध्ये चिठ्ठीच्या औषधाला शुल्कही नाही. भारतातली चिठ्ठी तिकडेही औषधासाठी चालत नाही, चिठ्ठी स्थानिकच लागते. म्हणजे नवा डॉक्टर शोधणे दोन्हीकडे अटळ आहे, पण विम्याच्या दाराशी अडकणे ही खास अमेरिकेची गोष्ट.

निघण्यापूर्वीचे वेळापत्रक

सारांश तारखांच्या भाषेत सांगता येतो. लग्न ठरताच औषधाबद्दल एकमेकांशी बोलावे. तो संवाद कितीही अवघड असला तरी अमेरिकेतल्या भाड्याच्या घरात, साठा संपताना करण्यापेक्षा इथे सोपा असतो. लग्नानंतर तीस दिवसांच्या आत नवऱ्याने विम्याची लेखी चौकशी करावी. निघण्याच्या तीन महिने आधी डॉक्टरांकडे जाऊन तिकडे न मिळणारी औषधे बदलून घ्यावीत. दोन आठवडे आधी एका पानाचे पत्र, ताजे अहवाल आणि मूळ वेष्टनातली नव्वद दिवसांची औषधे जमवावीत. पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात डॉक्टरांची भेट ठरवावी आणि तिसाव्या दिवसापर्यंत ती मिळाली नसेल तर अर्जंट केअर किंवा आरोग्य केंद्र गाठावे. साठाव्या दिवशी हातात तिकडची पहिली बाटली असावी. उरलेले तीस दिवस राखीव.

बॅगेचे वजन करताना औषधांची पिशवी सर्वांत आधी, आणि हातातल्या बॅगेत ठेवावी. भाजणी मागाहूनही पाठवता येते.